कीडी, मकोडा आणि बाकीच्या: थरच्या वाळूतल्या मुंग्या ओळखताना

दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेरला पोहोचलं की आपण वाळवंटात आलोय की सूरसागरच्या काठावर, असा प्रश्न पडतो. अर्धा गुजरात तिथे असतो, आणि त्या अर्ध्यात आपल्या बडोद्याचा वाटा चांगलाच मोठा. किल्ला, पटवांच्या हवेल्या, समच्या टेकड्यांवरचे उंट आणि सूर्यास्त हे सगळं आम्हीही केलं. त्यावर नवीन काय लिहिणार? तुमच्यापैकी निम्म्यांच्या फोनमध्ये तेच फोटो असतील. पण आमचा मुक्काम पाच दिवसांचा होता आणि त्यातले तीन दिवस आम्ही शहरापासून दूर, खुरी गावाच्या पलीकडे एका ढाणीवर काढले. बहुतेक वेळ मान खाली घालून. कारण मुंग्या.

मी कीटकशास्त्रज्ञ नाही. बीई करून नोकरीला लागलेला, दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस आहे. लॉकडाऊनमध्ये सोसायटीच्या बागेत मुंग्या बघायचा नाद लागला तो लागलाच. सामान फार नाही: सोनारकाम करणाऱ्यांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, फोनला लावायची मॅक्रो लेन्स, काचेच्या दोन-चार बाटल्या, एक पांढरी ताटली आणि लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर. घरातल्यांना याची सवय झाली आहे. नऊ वर्षांची लेक तर आता माझ्याआधी वाकते.

ढाणीवरच्या यजमानांना सगळे बासा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द होते, कीडी आणि मकोडा. लहान ती कीडी, मोठा काळा तो मकोडा. गुजरातीतही हेच दोन. मराठीत आपण मुंगी आणि मुंगळा म्हणतो, काही ठिकाणी डोंगळा. कोकणात झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्यांना ओंबील हे वेगळं नाव आहे. म्हणजे भाषेने आकार आणि चावा एवढंच लक्षात ठेवलं. 2016 साली भारतातल्या मुंग्यांची जी राज्यवार यादी प्रसिद्ध झाली तिच्यात जाती-उपजाती मिळून 828 नावं आहेत, 100 कुळांत विभागलेली. ‘कुळ’ हा शब्द मी ‘जीनस’साठी वापरतोय; पुस्तकात त्याला प्रजाती म्हणतात, पण बोलताना प्रजाती आणि जाती यांचा फार गोंधळ होतो.

मुंगी ओळखताना पहिली फसवणूक रंग करतो. बागेत आढळणारी मेरानोप्लस बायकलर पुढून तांबडी आणि मागून काळी असते. वाळवंटातली कॅटॅग्लिफिससुद्धा पुढून तांबडी आणि मागून काळी. रंगावर गेलात तर दोघी बहिणी वाटतील. प्रत्यक्षात पहिली बुटकी, केसाळ, पाठीवर ढालीसारखा पत्रा असलेली, छेडलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेणारी. दुसरी लांब टांगांची आणि अशी पळणारी की फोटोत नुसती रेघ येते. दुसरी फसवणूक आकाराची. एकाच वारुळातल्या सख्ख्या बहिणींत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो.

म्हणून आधी कंबर बघायची. मुंगीच्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये जो बारीक देठ असतो त्यावर एक मणी आहे की दोन? हे साध्या भिंगातून, बाजूने पाहिलं तर दिसतं. मुंगळा आणि कॅटॅग्लिफिस यांना एक मणी. दाणे गोळा करणाऱ्या, साखरेला लागणाऱ्या आणि कडकडून डंख मारणाऱ्या बऱ्याचशा लहान मुंग्यांना दोन. एका प्रश्नात निम्म्याहून जास्त पर्याय बाद होतात, आणि माझ्यासारख्या माणसाला यात इफ-एल्सचं समाधान मिळतं. दुसरा प्रश्न पोटाच्या टोकाचा. तिथे बारीक केसांची झालर असलेलं गोल छिद्र असेल तर ती फॉर्मिक आम्ल फवारणारी, तिला नांगी नाही. तिसरा प्रश्न मिशांचा: किती पेरं आणि टोकाला गदेसारखी जाड झालेली किती? सोलेनॉप्सिस, म्हणजे आग लावणारी ती मुंगी, तिच्या मिशीला दहा पेरं आणि शेवटची दोन जाड. फायडोलीच्या मिशीला बहुतेक बारा, शेवटची तीन जाड. फोटो मोठा करून पेरं मोजायचं काम लेकीकडे आहे. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत आणि धीरही.

आता बासांचं बघा. त्यांना ना मणी ठाऊक ना पेरं. पहिल्या सकाळी मी ढाणीमागच्या सेवण गवतात ओणवा झालो होतो, तर ते मागून येऊन म्हणाले, “कीडी बाद में देखो, पहले उसका कचरा देखो.” आणि दहा पावलांवर घेऊन गेले. वाळूत बोटभर भोक, आणि त्याभोवती टरफलांचं कडं. गवताच्या बियांची सालं, कुसळं, भुरटाचे काटे, सगळं बाहेर टाकलेलं. वाऱ्याने एका बाजूला जरा सरकलेलं. त्या कड्यातून निघालेली वाट गवतापर्यंत जात होती, आणि वाटेवर काडीकचरा नव्हता. सूर्य वर यायच्या आत तिच्यावर दुतर्फा वाहतूक सुरू झाली होती. येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा.

कंबरेला दोन मणी, डोक्यावर खरबरीत रेघा, आणि लहान-मध्यम-मोठ्या अशा सगळ्या मापांच्या कामकरी एकाच रांगेत. ट्रायकोमिर्मेक्स स्कॅब्रिसेप्स. नावातल्या स्कॅब्रिसेप्सचा अर्थच खरबरीत डोक्याची. दाणे वेचणाऱ्या दुसऱ्या मुंग्यांशी, फायडोलीशी, तिची गल्लत होते. तिथे मापं उपयोगी पडतात. बहुतेक फायडोलींच्या वारुळात दोनच साच्यांच्या कामकरी असतात, बारीक डोक्याच्या आणि अंगापेक्षा डोकं मोठं अशा शिपाई. मधलं माप नसतं. इथे मात्र शर्टांसारखे स्मॉल, मीडियम, लार्ज आणि त्यांच्या मधलेही साइझ.

फायडोलीवरून आठवलं, दाणे साठवणाऱ्या मुंग्यांची एक जुनी नोंद आपल्या पुण्याची आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे मुंग्यांना पावसात भिजलेलं गवताचं बी बाहेर आणून उन्हात वाळत घालताना पाहिलं. 1835 साली त्याने त्या मुंगीला नाव दिलं त्यात ‘प्रोव्हिडेन्स’ हा शब्द आहे, म्हणजे पुढची तजवीज करणारी. आज ती फायडोली प्रोव्हिडेन्स. आपल्या आज्या पापड-कुरडया वाळत घालतात तसंच हे, फक्त राखण करायला कोणी नाही.

ते कडं बघून आई खाली बसली. सांगायला हवं, की या सहलीत आईच्या पिशवीत एक डबा होता: बाजरीचा भरडा, थोडे तीळ, पिठीसाखर. आमच्या सोसायटीतल्या गुजराती काकू कीडियारुं पूरतात, म्हणजे मुंग्यांना खाऊ घालतात. बाबा गेल्यापासून आईही त्यांच्याबरोबर जाऊ लागली. राजस्थानात याला कीडीनगरा सींचणं म्हणतात. काही लोक नारळाला भोक पाडून त्यात पीठ, साखर, तीळ भरतात आणि झाडाच्या मुळाशी पुरतात. बडोद्यात आई कडुलिंबाच्या बुंध्याशी मूठभर टाकते आणि परत येते. कोण खातं ते तिने कधी बघितलं नव्हतं. इथे तिला बघायचं होतं. बाबांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं आणि तिने स्वतःहून डबा भरला होता. आम्ही कोणी त्यावर काही बोललो नव्हतो.

“ह्या खातील ना रे?” तिने मला विचारलं.

मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं, आणि नेमकं द्यायचं होतं. दाणा वेचणारीला भरडा चालेल. पण त्याच ढाणीच्या आसपास निदान पाच वेगवेगळ्या मुंग्यांची भोकं होती, आणि त्यातल्या एकीचा सगळा संसार मेलेल्या किड्यांवर चालतो, एकीचा झाडावरच्या गोड रसावर. मी काही म्हणायच्या आत बासांनी आईला सांगितलं: टरफलांचं कडं आहे तिथेच टाका, तोंडावर नको, भोक बुजतं, वाटेच्या कडेला पसरा, आणि ऊन चढायच्या आत. आईने तसंच केलं. पहिल्या एक-दोघी भरड्याला हुंगून पुढे गेल्या. तिसरीने तीळ उचलला. मग रांगेला फाटा फुटला, आणि साडेनऊपर्यंत तिथे काही उरलं नव्हतं. आई तोवर हलली नाही. उठताना म्हणाली, “ह्यांना तीळ जास्त आवडले,” आणि उरलेल्या डब्यात संध्याकाळसाठी तीळ वाढवायला सुनेला सांगितलं.

दहानंतर ती वाट ओस पडली. वाळू तापली की दाणेवाल्या आत जातात. सावलीत हवा 35 अंश होती, तर उघड्या वाळूवर थर्मामीटर एक वाजता 53 दाखवत होता. ऑक्टोबर अखेरची ही गोष्ट. मे महिन्याची कल्पना करा. पाली-सरडेही झुडपाखाली गेले. आणि नेमक्या याच वेळी ती बाहेर पडते.

कॅटॅग्लिफिस दिसत नाही, जाणवते. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी सरकतं, बघावं तर नसतं. तिला रांग नाही, वाट नाही, सोबत नाही. एकटी नागमोडी पळते, क्षणभर थांबते, पुन्हा पळते. लांबी साधारण सेंटीमीटरभर. डोकं आणि छाती तांबूस, पोट काळं. कंबरेला एक मणी. पाय इतके लांब की अंग वाळूपासून चांगलंच वर राहतं, आणि जमिनीपासून तेवढ्याशा उंचीवरही हवा काही अंशांनी थंड असते. पळताना पोट वर उचलते, विंचवासारखं. वायव्य भारतात या कुळातली जी नेहमी भेटते ती कॅटॅग्लिफिस सेटिपेस. एवढ्या उन्हात ती येते ते उन्हाने मेलेले किडे गोळा करायला. ज्यांनी तिला खाल्लं असतं ते सरडे त्या वेळी लपलेले असतात. या कुळाच्या आफ्रिकेतल्या काही जाती अंगाचं तापमान 50 अंशांच्या वर गेलं तरी काही वेळ तग धरतात. सहारातली चंदेरी कॅटॅग्लिफिस बॉम्बिसिना सेकंदाला 855 मिलिमीटर पळताना मोजली आहे. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभरपटीहून जास्त, एका सेकंदात!

पण माझ्यासारख्याला खरं वेड लावतं ते तिचं घरी परतणं. वाळूवर वासाची खूण टिकत नाही. ती वीस-तीस मीटर वेडीवाकडी भटकते, किडा सापडला की मात्र वळून सरळ रेषेत भोकाकडे निघते. आम्ही हे स्वतः पाहिलं: बाभळीखालून एक माशी उचलली आणि चौदा पावलं सरळ. ट्युनिशियात स्थायिक झालेल्या फेलिक्स सांत्शी नावाच्या स्विस डॉक्टरने 1911 साली मुंग्यांना सूर्य झाकून आरशातून दुसऱ्या बाजूने दाखवला, तर त्यांनी दिशा बदलली. पुढे रुडिगर वेनर यांनी त्याच देशात कॅटॅग्लिफिसवर आयुष्यभर काम केलं आणि दाखवलं की सूर्य दिसत नसला तरी निळ्या आभाळातल्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा तिच्या डोळ्याच्या वरच्या कडेला कळते. दिशा झाली, अंतराचं काय? 2006 सालचा प्रयोग ऐका. भोकापासून दहा मीटरवर खाऊपाशी पोहोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या कुबड्या चिकटवून त्यांना घराकडे सोडलं. त्या घर ओलांडून पंधरा मीटरपर्यंत गेल्या आणि तिथे भोक शोधत बसल्या. ज्यांचे पाय आखूड केले होते त्या सहा मीटरच्या आतच थांबल्या. म्हणजे ती पावलं मोजते! पायाला जीपीएस नाही, पण काउंटर आहे. (पाय आखूड करणं मला बघवलं नसतं. लेकीला मी फक्त कुबड्यांचा भाग सांगितला.)

मुंगळ्यासाठी अंधार पडावा लागला. कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, बासांचा मकोडा, आपल्या अंगणातलाच. एक मणी, पाठ डोक्यापासून कंबरेपर्यंत एका सलग कमानीत वाकलेली, रंग काळा. ही पाठीची कमान लक्षात ठेवा. कॅटॅग्लिफिसच्या पाठीला मध्येच खाच दिसते. टॉर्चच्या उजेडात खेजडीच्या फांद्यांवर ते वर-खाली करत होते. फांदीला चिकटलेल्या, रस शोषणाऱ्या किड्यांच्या पाठीवर मिशांनी टकटक करायचं आणि निघालेला गोड थेंब प्यायचा. राखणीच्या बदल्यात दूध, असा गवळ्याचा व्यवहार. मुंगळा चावतो पण डंख मारत नाही. लेकीच्या बोटाला एकाने पकडलं तेव्हा तिने हे शास्त्र मान्य केलं नाही.

खेजडीच्या मुळाशी वाळूत नरसाळ्यासारखे खळगेही होते. ते मुंगीचं घर नव्हे. तळाशी एक अळी दबा धरून असते आणि घसरलेल्या मुंगीला ओढून घेते. आणि वाळवी, जिला इंग्रजीत पांढरी मुंगी म्हणतात, ती मुंगी नाहीच. तिला कंबर नसते, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या असतात, आणि नातं झुरळांशी आहे.

शेवटची रात्र आम्ही समजवळच्या एका तंबूंच्या रिसॉर्टमध्ये काढली. तिथे जेवणाच्या मांडवाभोवती फिरलो तर वेगळीच यादी हाती आली. साखरेवर मोनोमोरियम, नळाच्या ओलाव्याशी टॅपिनोमा, जिचं डोकं काळं, पोट फिकट आणि चिरडली की उग्र वास. या दोघी मला बडोद्याच्या स्वयंपाकघरातही भेटतात. टरफलांचं कडं मात्र रिसॉर्टच्या आवारात एकही दिसलं नाही, कॅटॅग्लिफिसही नाही. एका रात्रीच्या पाहणीवरून मी काही सिद्ध करत नाही. पण तिथे मखमली लॉन होतं, रात्रभर दिवे होते, सेवण गवत उपटलेलं होतं. दाणेवालीला दाणा कुठून मिळणार? इंदिरा गांधी कालव्याचं पाणी, सौर पट्ट्या, पवनचक्क्या, तंबू, सगळं या वाळूवर येतंय आणि त्यातलं बरंचसं इथल्या लोकांना हवंही आहे. माळढोक कमी झाला हे आपल्याला कळलं, कारण त्याला नाव होतं आणि मोजणारे होते. कीडी एवढाच शब्द असेल तर रिसॉर्टमध्येही कीडी आहेच की!

नावांच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. फोनवरची ॲप्स फोटो टाकला की लगेच पूर्ण नाव सुचवतात, बहुधा ज्या जातीचे फोटो जगात जास्त आहेत तिचं. मी कुळापाशी थांबतो. कंबर, मिशा, पाठ स्पष्ट दिसली तरच पुढे. नावंही बदलत असतात. बिंगहॅमच्या 1903 सालच्या ग्रंथात सेटिपेस मिर्मेकोसिस्टस कुळात आहे आणि स्कॅब्रिसेप्स होल्कोमिर्मेक्समध्ये. आता दोन्ही कुळांची नावं वेगळी आहेत. कोडमध्ये फंक्शनचं नाव बदललं तरी काम तेच असतं, तसं. पण तुम्ही बाजूने घेतलेला स्वच्छ फोटो, तारीख, वेळ आणि जागा असेल तर नाव पन्नास वर्षांनी बदललं तरी नोंद वाया जात नाही.

तुमच्यापैकी कोणी होळीच्या सुमारास जाणार असाल तर तीन फोटो घ्या: वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचा. शेजारी पट्टी ठेवा. मुंगी बाटलीत घेतलीत तर सावलीत ठेवा आणि दहा मिनिटांत सोडा, जिथून उचलली तिथेच. कॅटॅग्लिफिसच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण तिचा हिशेब तिथून सुरू असतो. दुसरीकडे सोडलीत तर ती पावलं बरोबर मोजेल आणि भलत्याच जागी घर शोधत बसेल. आमच्या वहीत एकूण अकरा नोंदी झाल्या. तीन पूर्ण नावाच्या, सहा कुळापर्यंत, आणि दोनपुढे लेकीने पेन्सिलने लिहिलंय, ‘दोन मणी, बारीक, पिवळट, बाकी माहीत नाही’. आईने त्याच पानावर कोपऱ्यात सकाळची वेळ लिहून ठेवली आहे, आणि ‘तीळ’.